सगळंच येतं, पण खासियत काय सांगू?

"पेरोलपासून जीएसटीपर्यंत सगळं बघतो. पण मुलाखतीत खासियत विचारली की गप्प बसतो." भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे पस्तिशीतले अकाउंटंट ही चिंता घेऊन आमच्याकडे करिअरचा सल्ला मागायला आले होते. महिन्याचं चक्र ठरलेलं: 7 ला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला पीएफ-ईएसआय, 20 ला जीएसटीआर-3बी (दोन्ही जीएसटीआर म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं). डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या महागड्या कोर्सला नाव घालायचं जवळपास पक्कं झालं होतं.

फी भरण्याआधी चार आठवडे वही लिहायला सांगितली. तीन रकाने: काम, लागलेला वेळ आणि हे काम माझ्याचकडे का आलं. तिसरा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात, पण उत्तर तिथेच सापडतं.

वेळ खात होत्या व्हाउचरच्या एंट्र्या. पण मालक, स्टोअरवाले आणि बाहेरचे सीए, तिघेही त्यांना गाठायचे ते जॉबवर्कसाठी, म्हणजे आपला माल बाहेरच्याकडे पाठवून त्यावर काम करून घेण्याच्या हिशेबासाठी. प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) चलनावर, म्हणजे माल पाठवल्याच्या कागदावर, गेलेला माल वर्षभरात परतला नाही, तर पाठवल्या दिवशीच विक्री झाली असं धरून कर आणि व्याज लागतं. यंत्रांना मुदत 3 वर्षं. डाय, जिग, फिक्श्चर अशा साच्या-पकडींना मुदत लागू नाही. घोळ होतो तो गेटवर. जॉबवर्कर तीन चलनांचा माल एकाच खेपेत पाठवतो आणि आवक नोंदीत मूळ चलनाचा नंबरच नसतो. 100 नग गेले, 97 आले, 2 रिजेक्ट, 1 बेपत्ता. हे चलनागणिक जुळवणं यांना जमत होतं. आयटीसी-04 (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरताना अनेकांचं अडतं ते इथेच.

लोक आधीच ज्यासाठी शोधत येतात, तिथेच खासियत धरावी, असं आमचं मत. मात्र ती एका फॉर्मला बांधू नये. नियम बदलला की फॉर्म जातो. 'बाहेर गेलेल्या मालाचा ताळमेळ' हे कौशल्य टिकतं.

पुढचे तीन महिने त्यांनी एक रजिस्टर चालवायचं ठरलं: चलन नंबर, तारीख, गेलेले नग, आलेले नग, उरलेले दिवस. 270 दिवस उलटले की जॉबवर्करला फोन. बायोडेटात हे काम सर्वात वर, बाकी सगळं शेवटी दोन ओळींत. ती बाकीची कामं सोडायची नाहीत. लहान कारखान्याला दोन्ही जमणारा माणूस हवा असतो. कोर्स करायचाच, तर एसएपी या कंपन्यांच्या हिशेब-साठ्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एमएम (माल व्यवस्थापन) मॉड्यूलमधलं सबकॉन्ट्रॅक्टिंग, म्हणजे जॉबवर्कचाच भाग, आधी शिकावं.