कुर्त्यांचा ऑनलाइन ब्रँड सुरू करतेयस? आधी एवढं बघ

अभिनंदन! नोकरी मात्र लगेच सोडू नकोस, गुंतवणूकदारही इतक्यात शोधू नकोस. लोगो, वेबसाइट, फोटोशूट यांत पैसे घालायची सगळ्यांनाच घाई असते. तू आधी माल विकून बघ.

१. दोन-तीनच डिझाइन घे. एकच कुर्ता पाच मापांत आणि तीन रंगांत केला तरी पंधरा प्रकार होतात. मधली मापं संपतात, एस आणि डबल एक्सएलचे गठ्ठे कपाटात तसेच राहतात.

२. रिटर्न. नवे लोक बुडतात ते इथेच. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाइकाने दारातूनच परत पाठवलं, तरी कुरिअरचा जाण्याचा आणि बहुतेकदा येण्याचाही खर्च तुझ्याच माथी. म्हणून पाठवण्याआधी फोन करून ऑर्डर पक्की कर. साइज चार्ट दुसऱ्याचा उचलू नकोस. कॉटन आटतं, तेव्हा नमुना एकदा धुऊन, टेबलावर सपाट पसरून टेपने मोज. दिलेलं माप अंगाचं की कपड्याचं, हेही स्पष्ट लिही. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

३. किंमत ठरवताना कापड-शिलाईवर थांबू नकोस. पॅकिंग, पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचं) कमिशन, जाहिरात, परत आलेला माल, सगळं धर. जीएसटीही बघ: सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, त्यापुढे १८.

मैत्रिणी आणि मावश्या घेतीलच, ती विक्री मोजू नकोस. अनोळखी बाई दुसऱ्यांदा ऑर्डर देईल, तेव्हा गुंतवणूकदारांचं बोलू.