थकलेले आईबाबा आणि मुलांवर निघणारा राग

प्रश्न : मला सात वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. ऑफिसात मी शांत असते, घरी आल्यावर मात्र मुलांचा आवाजही नकोसा होतो. परवा दूध सांडलं म्हणून मुलाला दोन फटके दिले आणि रात्रभर रडत बसले. मी वाईट आई आहे का? (चिंचवड)

उत्तर : नाही. पण फटके थांबायलाच हवेत, आणि ते थांबू शकतात. तुमचं वर्णन पालकपणाच्या बर्नआउटसारखं, म्हणजे मुलांचं करून करून येणाऱ्या टोकाच्या थकव्यासारखं वाटतं. नैराश्यात माणूस सहसा सगळीकडेच खचतो. हा बर्नआउट मात्र मुलांभोवतीच जाणवतो, म्हणून तुमचं ऑफिस नीट चाललंय. बेल्जियमच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायझाक या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये त्याच्यासाठी प्रश्नावली तयार केली. त्यात चार गोष्टी पाहिल्या जातात : पार गळून जाणं, मुलांपासून मनाने तुटणं, आईबाप असण्याचाच वीट येणं आणि ‘मी अशी नव्हते’ ही टोचणी. चौथी तर तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. त्यांनी त्याच पालकांना काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा बर्नआउट वाढला की पुढे मुलांकडे दुर्लक्ष आणि मारणं-ओरडणंही वाढतं, असं दिसलं. दिलासा असा, की अशा पालकांसाठी गट घेऊन मदत केल्यावर थकव्याबरोबर हे दोन्ही कमी झालं. केसांत मोजलेलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तेही उतरलं.

हात उठेल असं वाटलं, की मुलं सुरक्षित आहेत ना ते बघा, ‘मी पाच मिनिटांत येते’ एवढंच सांगा आणि गॅलरीत जा. दूध नंतर पुसता येतं. आणि या आठवड्यात एक काम खरोखर सोडा. एखादा क्लास, रोजची गरम पोळी, काहीही. नुसतं ‘शांत राहीन’ ठरवून शांत राहता येत नाही, ओझं उतरावं लागतं.

प्रश्न : आम्ही चार मुलं वाढवली. सून दोघांतच थकते. हे नवीन फॅड नाही का? (सातारा)

उत्तर : काकू, तुमचे कष्ट खरेच. पण तेव्हा मूल रडलं तर उचलायला जाऊ, नणंद, शेजारीण, कुणी ना कुणी असायचं. मुलाचा गृहपाठ, प्रोजेक्ट, मार्क हे सगळं आईच्या डोक्यावर नव्हतं. ४२ देशांतल्या १७ हजारांहून जास्त पालकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे ज्याचं-त्याने बघायचं अशी रीत जास्त, तिथे बर्नआउटही जास्त आढळला. सुनेला सल्ला नको. संध्याकाळी तासभर नातवंडांना घेऊन देवळात, बागेत जा आणि ‘तू झोप’ म्हणा.

प्रश्न : बायको मुलीला कधीच मारत नाही. पण हल्ली जेवू घालते, कपडे घालते, तेवढंच. मुलगी शाळेतलं सांगत असते, ही मोबाइलकडे बघून ‘हं हं’ म्हणते. काळजी करावी का? (नाशिक)

उत्तर : हो. आवाज न करणारं दुर्लक्षही मुलांना लागतं. मुलगी हळूहळू सांगणंच सोडून देईल. नोकरीतून रजा मिळते, राजीनामा देता येतो. आईपणातून सुटका दिसत नाही, म्हणून अशा थकव्यात पळून जावं, संपवून टाकावं असेही विचार येतात. तिला सरळ विचारा. विचारल्याने असा विचार तिच्या मनात नव्याने येत नाही. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. आणि ‘मी मदत करतो’ म्हणू नका. डब्यात काय द्यायचं हे ठरवण्यापासून डबा घासेपर्यंतचं अख्खं काम तुमचं करा.

प्रश्न : मुलाची माफी मागितली तर धाक राहील का? (ठाणे)

उत्तर : राहील. शिवाय आई-बाबा चिडले ते आपल्यामुळेच, असं मुलं धरून चालतात, तो गैरसमज निघेल. ‘मी खूप दमले होते, तुला मारलं ते चुकलं’ इतकंच बोला. पुढे ‘पण तूही ऐकत नाहीस’ हे शेपूट लावू नका.