वडोदरा ते श्टुटगार्ट: नावं जुळवा, तारीख मोजा

तुम्ही लिहिलंय की श्टुटगार्टची ऑफर हातात आहे, कंपनी ऑक्टोबर म्हणतेय पण तारीख पुढेमागे करायला तयार आहे, आणि बायको नोकरीचा नोटिस पीरियड संपवून फेब्रुवारीत येईल. विचारलंय ते असं: कागदांना अपोस्टिल लागेल का, तिथे पोचल्यावर आधी काय करायचं, आणि टॅक्स नक्की कुठे भरायचा.

अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून लावला जाणारा सरकारी शिक्का, करू नका. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशालाच हरकत घेतली आहे. त्यामुळे आपल्याकडचा अपोस्टिलचा शिक्का जर्मन कचेरीत कामाचा नाही. एजंट हे सांगत नाहीत, कारण त्यांचे पैसे त्यातच असतात. जर्मन अधिकाऱ्याला लग्नाच्या किंवा जन्माच्या दाखल्याबद्दल शंका आली तर दूतावासामार्फत इथल्या वकिलाकडून मूळ नोंदी तपासल्या जातात, आणि त्याला महिने लागतात. म्हणून शंका येऊ नये एवढीच काळजी घ्यायची, आणि ती जवळपास सगळी नावांची असते.

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत हा घोळ ठरलेला. जन्मदाखल्यावर वडील ‘विनायकराव’, शाळेच्या दाखल्यावर गुजराती कारकुनाने लावलेलं ‘विनायकभाई’, पासपोर्टवर नुसते ‘विनायक’. बायकोचं त्याहून अवघड: डिग्री माहेरच्या नावाची, आणि लग्नात नाव बदललं असेल तर पहिलं नावही वेगळं. आपल्याला यात काही वाटत नाही, जर्मन कारकुनाला तिथे दोन माणसं दिसतात. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि पासपोर्टशी एकेक अक्षर ताडून बघा. पासपोर्ट हा पाया. त्यातच चूक असेल तर व्हिसाच्या आधी नवा काढा. पासपोर्ट बरोबर असेल तर तो आता अजिबात बदलू नका, बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. जुना जन्मदाखला फक्त गुजरातीत असेल तर महापालिकेतून गुजराती-इंग्रजी अशी नवी प्रत काढून घ्या, भाषांतराचा एक टप्पा वाचतो. पासपोर्टमध्ये पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असेल तर जर्मनीत ते तुमचं दुसरं नाव म्हणूनच नोंदलं जातं. चालतं, फक्त काँट्रॅक्ट, बँक, विमा सगळीकडे तसंच लिहा.

ब्लू कार्डासाठी, म्हणजे पदवीधरांना तिथे राहून नोकरी करायला मिळणाऱ्या परवान्यासाठी, २०२६ ची पगाराची अट वर्षाला ५०,७०० युरो. आयटी, इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या कामांना ४५,९३४.२० युरो पुरतात, पण त्या कमी पगारावर तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते, म्हणजे वेळ जास्त. डिग्रीसाठी ‘अनाबिन’ या सरकारी यादीत दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या: युनिव्हर्सिटीपुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का, आणि तुमची नेमकी डिग्री समकक्ष म्हणून दिली आहे का. बरेच जण पहिलंच पान छापून नेतात. दोन्हींची प्रिंट ठेवा. डिग्री यादीत नसेल तर ‘त्साब’ या संस्थेकडून समकक्षतेचं प्रमाणपत्र मागवावं लागतं, फी २०८ युरो. अर्ज कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन करायचा. गुजरात मुंबईच्या कॉन्सुलेटकडे येतं. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मनची परीक्षा आधी द्यावी लागत नाही, त्यामुळे तिला क्लासच्या सर्टिफिकेटसाठी थांबवू नका.

पोचल्यावर पहिलं काम ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. त्यासाठी घरमालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला लागतो. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. घर घेण्याआधीच मालक हा दाखला देणार का ते विचारा, नाही म्हणाला तर ते घर सोडा. फॉर्मवर धर्माचा रकाना येतो. तो चर्च टॅक्ससाठी असतो, तिथे कुठल्याही चर्चचे सभासद नाही एवढंच नोंदवायचं. नोंदणीनंतर दोन-तीन आठवड्यांत अकरा आकडी टॅक्स नंबर टपालाने येतो, आणि इथे अगदी साध्या गोष्टीवर गाडी अडते: टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तो नंबर पगाराच्या विभागाला मिळाला नाही तर पगारावरच्या कपातीचा सगळ्यात जड वर्ग, वर्ग ६, लावून जबर टॅक्स कापला जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी पेटीवर आडनावाची चिठ्ठी चिकटवा. त्याच पेटीत थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र पडेल, महिना १८.३६ युरो. ती फसवणूक नाही, आणि माणशी नसून घराला एकच असते.

ब्लू कार्डाचा अर्ज व्हिसाची मुदत संपायच्या आत करा. भेटीची तारीख उशिराची मिळाली तर ‘फिक्शन्सबेशाइनिगुंग’ नावाचा तात्पुरता कागद मागा, आणि त्यावर जर्मन निवास कायद्याच्या ८१ व्या कलमाच्या कोणत्या पोटकलमावर खूण आहे ते बघा. चौथ्यावर असेल तर भारतात येऊन परत जाता येतं. तिसऱ्यावर असेल तर दिवाळीचं तिकीट काढू नका.

आता टॅक्स. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, सगळी गंमत त्यातच. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात असेल तर अनिवासी धरला जातो. निघण्याचा दिवसही मोजून १ एप्रिल ते २८ सप्टेंबर म्हणजे १८१. कंपनी ऐकत असेल तर २८ सप्टेंबरच्या आत निघा. मध्यरात्रीनंतरची फ्लाइट असेल तर इमिग्रेशनचा शिक्का कोणत्या तारखेचा पडेल याचा हिशोब करूनच तिकीट काढा. ऑक्टोबरात निघालात तर मार्चपर्यंत तुम्ही इथले रहिवासी, म्हणजे जर्मनीचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा आणि तिथे भरलेल्या टॅक्सची वजावट भारत-जर्मनी करकरारातून मागायची. दोनदा टॅक्स बसत नाही, पण कागदांचा ढीग बसतो. शिवाय बायको वडोदऱ्यातच असताना तुमचं बिऱ्हाड जर्मनीत हललं हे इथल्या टॅक्स खात्याला पटवणं अवघड.

जर्मनीत पहिल्या वर्षी जानेवारीपासून निघेपर्यंतचा भारतातला पगार रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. त्यावर तिथे टॅक्स लागत नाही, पण टॅक्सचा दर त्याने वाढतो. फॉर्म १६ एप्रिल-मार्चचा असल्याने इथे उपयोगी पडत नाही. जानेवारीपासूनच्या महिन्यावार पगारपावत्या नोकरी सोडण्याआधीच उतरवून घ्या, कारण राजीनाम्यानंतर कंपनीचं लॉगिन बंद होतं. रिटर्नची मुदत पुढच्या वर्षीची ३१ जुलै.

बायको भारतात असेपर्यंत तुमचा टॅक्स-वर्ग १, म्हणजे एकट्या माणसाचा. फेब्रुवारीत ती आली आणि नोंदणी झाली की त्या अख्ख्या वर्षाचं एकत्र रिटर्न भरता येतं. पहिल्या वर्षाचंही एकत्र रिटर्न व्हावं म्हणून तिला डिसेंबरातच बोलवा असा सल्ला कोणी देईल, पण तीन महिन्यांच्या पगारावर त्याचा फायदा किरकोळ. तिची नोकरी घाईने सोडवू नका.

निघण्याआधी बँकेत सांगून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या कमाईचं खातं, करून घ्या. एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवण्याच्या खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून जर्मनीतही असेल, हा समज सर्रास आढळतो. तिथल्या रहिवाशाला ते दाखवावंच लागतं, वर्षाला एकट्याला १,००० युरोपर्यंतची सूट धरून. आणि इथला फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की मालक अनिवासी झाला की भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरणं त्याच्यावर येतं. कापलेला टॅक्स तुम्ही इथे रिटर्न भरून परत मागू शकता, पण त्याने कापलाच नाही तर नोटीस त्याच्या दारात येते.