‘तालेम्पोंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या वाद्याविषयीच्या मजकुराचे भाषांतर करताना ‘तालेम्पोंग’ला ‘घंटा’ म्हटले तर चालेल का, आणि या शब्दात आपला ‘ताल’ आहे का?

दुसरा भाग आधी. याच वाद्याच्या जवळच्या भाऊबंदांना शेजारच्या रिआऊ प्रांतातल्या काम्पारला ‘चालेम्पोंग’ म्हणतात. मलेशियातल्या नगरी सम्बिलानमध्ये मिनांगकाबाऊ वंशाचे लोक राहतात, तिथे ते ‘चकलेम्पोंग’ होते. पहिले अक्षर असे जागोजाग बदलते, ‘लेम्पोंग’ मात्र टिकते. त्यामुळे ‘ता’वरून ‘ताला’पर्यंत जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता ‘घंटा’. तालेम्पोंग म्हणजे पितळेचे किंवा काशाचे, हातात मावणारे, पालथ्या वाडग्यासारखे वाद्य. वर मधोमध एक उंचवटा असतो आणि काठी त्याच्यावरच मारायची असते. या उंचवट्यामुळे आवाज एका ठरावीक स्वरावर स्थिर होतो. आपल्याकडे टोल द्यायच्या काशाच्या थाळीला ‘तास’ म्हणत, त्यावरूनच वेळेचा तास आला. पण ती थाळी सपाट, आणि तिचे काम वेळ सांगण्याचे, सूर लावण्याचे नाही. घंटेत लोलक असतो, तो इथे नाही.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. तालांग आनाउ गावात सहा लांबट दगडांचा संच आहे. त्याचे नाव तालेम्पोंग बातू; ‘बातू’ म्हणजे दगड. लाकडी पट्ट्यांचाही असतो, तो तालेम्पोंग कायू. म्हणजे मिनांगकाबाऊ माणूस हे नाव धातूला देत नाही, क्रमाने लावलेल्या, ठोकून वाजवायच्या सुरांच्या संचाला देतो. ‘घंटा’ लिहिले की दगडी संचापाशी वाक्य अडतेच. म्हणून मूळ शब्दच ठेवावा, नपुंसकलिंगी: ते तालेम्पोंग, तालेम्पोंगवर, तालेम्पोंगचे.

वाजवण्याच्या पद्धतीची नावेही तशीच ठेवावीत. ‘पाचिक’ म्हणजे हातात धरणे. तालेम्पोंग पाचिकमध्ये बहुधा तिघे वादक असतात. प्रत्येकाच्या डाव्या हातात एक किंवा दोन वाद्ये, उजव्या हातात काठी. लग्नाच्या मिरवणुकीत ते चालता चालता वाजवतात. एक भाग जांतान (नर), दुसरा बातिनो (मादी), तिसरा पानिंगकाह, जो उरलेल्या जागा भरतो. प्रत्येक जण दोन-चार ठोक्यांचा तुकडाच घोळवत राहतो, आणि चाल त्या तिघांच्या ठोक्यांच्या विणीतून उमटते. एकट्याला ती वाजवताच येत नाही. मला या परंपरेतले हेच सर्वांत विलक्षण वाटते, आणि भाषांतरात ‘तिघांनी मिळून धून वाजवली’ एवढेच लिहिले तर नेमके तेच हरवते.

दुसरा प्रकार बैठा, ‘दुदुआक’. यात वाद्ये लाकडी घोडीवर ओळीने मांडतात. इथे जलतरंगाची आठवण करून दिली तर वाचकाला मांडणी पटकन कळेल. पाचिकसाठी मात्र ती उपमा वापरू नये. सोबतीला ‘गांदांग’ हा ढोल आणि ‘पुपुइक’ हे फुंकवाद्य असते. पश्चिम सुमात्रातल्या पादांग पांजांग शहरात १९६०च्या दशकात संगीतशिक्षणाची संस्था निघाली. पुढे पाश्चात्त्य स्वरसप्तकात लावलेले मोठे संच आले, त्यांना तालेम्पोंग क्रेआसी म्हणतात. गावोगावचे जुने संच आपापल्या स्वरांत असतात, म्हणून ‘सा रे ग’ने त्यांचे वर्णन करू नये.

उच्चाराचे एक: तिकडच्या रोमन लिपीतला ‘सी’ नेहमी ‘च’ असतो, म्हणून ‘पाकिक’ किंवा ‘पासिक’ नव्हे, ‘पाचिक’. आणि ‘दुदुआक’चे इंडोनेशियन रूप ‘दुदुक’ आहे. मजकूर मिनांगकाबाऊ असेल तर ‘दुदुआक’च ठेवा.