चुकलं की पहिल्यापासून

फेब्रुवारीचा शेवट होता. तुरी काढून झाल्या होत्या, पऱ्हाटीवर शेवटचा वेचा तेवढा उरला होता. या दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतली माणसं दवाखान्यात यायला जरा मोकळी होतात. आई, वडील आणि एकोणीस वर्षांचा मुलगा असे तिघं माझ्यासमोर येऊन बसले. मुलाला वैभव म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहिण्याआधी त्याला आणि घरच्यांना विचारलंही आहे.

वडिलांनीच सुरुवात केली. "म्याडम, पोरगं दिवसभर तेच ते वाजवत रायते. एकच तुकडा. मधात थांबते, का पुन्हा पयल्यापासून. चार महिने झाले. मले वाट्टे याच्या डोक्यावर काई परिनाम झाला. ती गिटार इकून टाकतो म्हनलं तर दोन दिवस जेवला नाई."

आईचा धाक वेगळा होता. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं तिला गाण्याचा अर्थ सांगितला होता. "मरनाचं गानं हाये म्हने ते, बाई. स्वर्गाच्या दाराशी उभा हाओ, असं कायतरी. तवापासून मले झोप नाई."

पोरगं नादी लागलं, अभ्यास सोडला, खोलीत कोंडून घेतं, या तक्रारी मी दर आठवड्याला ऐकते. कुठे मोबाइल असतो, कुठे क्रिकेट, इथे गिटार होती. पण आईनं जे सांगितलं ते मी बाजूला ठेवू शकत नव्हते. आमच्या भागात कोणत्याच समुपदेशकाला ते बाजूला ठेवता येत नाही.

आईवडिलांना बाहेर बसवलं. वैभव खाली मान घालून होता. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं काळपट झाली होती आणि त्यांवर तारांच्या खाचा उमटलेल्या होत्या. नागपूरला शिकत असताना मी दोन वर्षं गिटार शिकले होते, त्यामुळे त्या खाचा ओळखीच्या होत्या. "तारा गंजल्यात वाटतं. बदलल्या नाहीस?" एवढंच विचारलं. त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं.

मग हळूहळू कळलं. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन त्यानं अमरावतीला नीटची तयारी केली. नंबर लागला नाही. पुन्हा ड्रॉप घेतला, पुन्हा तोच क्लास, तीच खोली. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. येताना होस्टेलवरच्या मित्राची जुनी गिटार अठराशे रुपयांत घेऊन आला. ते पैसे मेसचे होते. हे घरी माहीत नव्हतं आणि ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

मी सरळ विचारलं, "मरणाचे विचार येतात का?"

हा प्रश्न विचारला तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती अनेक पालकांना आणि शिक्षकांना वाटते. तसं होत नाही. विचारलं की माणसाला उलट हलकं वाटतं, कारण तोवर ते ऐकायला कोणी नसतं. वैभव थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "होस्टेलवर दोनदा आले होते, निकालाच्या वेळी. घरी आल्यापासून नाही." काही ठरवलं होतं का, काही जवळ आणून ठेवलं होतं का, झोप कशी आहे, जेवण कसं आहे, मित्रांशी बोलतो का, हे सगळं विचारलं. झोप बरी होती. मित्र तुटले होते. गाण्याबद्दल विचारल्यावर त्याला हसू आलं. "त्याच्यात चारच कॉर्ड आहेत म्याडम, म्हणून घेतलं. व्हिडिओवाला म्हणे पंधरा मिनिटांत येते."

गाणं होतं बॉब डिलनचं 'नॉकिंग ऑन हेवन्स डोअर'. 1973 साली त्यानं ते एका वेस्टर्न चित्रपटासाठी लिहिलं, मरणाच्या दारात असलेल्या शेरीफच्या तोंडी. पुढे गन्स एन' रोझेस या बँडनं ते दणदणीत वाजवलं आणि जगभरातल्या रॉक ऐकणाऱ्या पोरांपर्यंत पोचवलं. गिटार हातात घेतलेल्या पुष्कळ पोरांची सुरुवात याच गाण्यानं होते, कारण जी, डी, ए मायनर आणि सी या चार कॉर्डमध्येच, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या चार जुळण्यांतच, ते संपतं. आईला मी हे समजावून सांगितलं. उदास गाणं वाजवणाऱ्या मुलाला मरायचंच असतं असं नाही. आपल्या घरी जात्यावरच्या ओव्यांत किती दुःख होतं, आणि त्या म्हणणाऱ्या बायांनी संसार ओढून नेले.

तरी काळजी घेतली. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवलं. औषधाची गरज नाही, पण भेटी चालू ठेवा, असं ते म्हणाले. वडिलांना मी एक काम लगेच सांगितलं: फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता? "पडवीत, खाटेखाली." ते त्याच दिवशी पेटीत घालून कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. ज्या घरात कोणी तरुण किंवा म्हातारं माणूस खचलेलं आहे, तिथे एवढं एक काम जीव वाचवू शकतं. तो टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात हाताशी विष नसलं की माणूस वाचतो. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरही आईच्या आणि वैभवच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि गिटार विकू नका, लपवूही नका, असं बजावलं. सगळ्यातून मन उठलेल्या पोराचं मन जिथे अजून लागतं, ती जागा काढून घ्यायची नसते. वडिलांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी ऐकलं.

पुढच्या आठवड्यात वैभव गिटार घेऊन आला. वाजव म्हटलं. तालाचे चार ठोके, त्यातले दोन जीवर, दोन डीवर, आणि पुढचे चार ए मायनरवर. पुन्हा दोन जी, दोन डी, आणि मग चार सी. संथ गाणं आहे. त्यानं जी वाजवला, छान वाजला. डी घेताना उजवा हात हवेत थांबला, डाव्या हाताची बोटं तारा शोधू लागली, एक तार बुजली. त्यानं ओठ चावला आणि पुन्हा जीपासून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडला. पुन्हा पहिल्यापासून. मी मोजलं, अकरा वेळा. ए मायनरपर्यंत तो पोचलाच नाही.

त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं ते अगदी खरं होतं. त्यांनी लावलेला अर्थ मात्र चुकला होता.

"अभ्यासाच्या वेळी काय करायचास?" मी विचारलं. तो जरा थांबला. "फिजिक्सचा पहिला धडा मी खूप वेळा केला, म्याडम. टेस्टमध्ये चुकलं का पुन्हा तिथूनच सुरू करत होतो. शेवटचे धडे कधी आलेच नाही." आणि स्वतःच म्हणाला, "ड्रॉप पण तसाच झाला ना."

या मुलाची गाठ मला तिथे सापडली, आणि ती त्यानंच सोडून दाखवली. समुपदेशनाच्या खोलीत बसून मी दहा वेळा म्हटलं असतं की चुका होतात, पुढे जा, तर त्यानं मान हलवली असती. त्याच्या मांडीवर गिटार होती म्हणून ते हाताला शिकवता आलं.

मी त्याला डाव्या हातानं काही धरू नको म्हटलं. बोटं सगळ्या तारांवर नुसती आडवी ठेव, दाबू नको, म्हणजे सूर येणार नाही, फक्त चक्-चक् असा आवाज येईल. आता उजवा हात खाली, वर, खाली, वर. तोंडानं एक-न्-दोन-न्-तीन-न्-चार-न् मोज. एक, दोन, तीन, चार या आकड्यांवर हात खाली येतो, 'न्' वर तो वर जातो. स्ट्रमिंगचे, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवून वाजवण्याचे, जितके प्रकार व्हिडिओत बाण काढून दाखवतात, त्यांतले बरेचसे याच एका हालचालीतून निघतात. कुठे पिक, म्हणजे तारा छेडायचा छोटा तुकडा, तारांना लागतो, कुठे न लागता नुसता वरून जातो. हात मात्र झाडूसारखा सारखा फिरत असतो. मनगट सैल हवं, पिक घट्ट आवळायचा नाही. आठवडाभर सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं एवढंच कर, असं सांगितलं.

त्यानंतरचा धडा अवघड होता. कॉर्ड बदलताना बोटं जागेवर पोचली नाहीत तरी उजवा हात थांबवायचा नाही. मोकळ्या तारा वाजू दे. बेसूर वाजलं तरी चालेल. पोचतील तेव्हा पोचतील, पुढच्या ठोक्याला पकड. मुरलेले वाजवणारेसुद्धा बदलाच्या आधीचा शेवटचा 'न्' पुष्कळदा मोकळ्या तारांवरच घेतात, ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. बोटांचीही एक सोय दाखवली. जी चार बोटांनी धरायचा, म्हणजे अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या घरात येते. डीमध्येही ती तिथेच लागते. ती उचलायचीच नाही, बाकीची बोटं तिच्याभोवती हलवायची. ए मायनरवरून सीवर जातानाही एकट्या अनामिकेनंच जागा बदलायची, बाकी दोन जिथल्या तिथे. चार महिने तो दर वेळी सगळी बोटं उचलून सगळी पुन्हा ठेवत होता.

हात थांबवू नको, हे त्याला फार जड गेलं. बेसूर तार वाजली की तो शहारायचा. एकदा रडलाही. चुकीचा आवाज कानावर पडूनही पुढे जायचं, हे त्याला लाज वाटण्यासारखं होतं. घरी हे सगळे ऐकणार, बाप ऐकणार.

इथे मला त्या पंधरा मिनिटांच्या व्हिडिओंबद्दल बोललंच पाहिजे. शिकवणारे चांगलं शिकवतात, मीही पाहते. पण जे यायला नवख्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, ते पंधरा मिनिटांत येईल असं कोणी सांगितलं, आणि ते आलं नाही, की मुलाला वाटतं खोट आपल्यातच आहे. क्लासच्या होर्डिंगवर हसणारे चेहरे पाहूनही त्याला हेच वाटलं होतं. पहिले काही आठवडे बोटं दुखतात, मग टोकांची कातडी राठ होते, मग दुखणं कमी होतं. लोखंडी तारांवर सगळ्यांचंच असं होतं. हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

चौथ्या भेटीला मी वडिलांनाही आत बसवलं. ते गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतात, हे आईकडून कळलं होतं. आमच्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव चालतात आणि खंजिरीशिवाय ती उभी राहत नाहीत. मी त्यांना विचारलं, भजन चालू असताना तुमचा हात चुकला तर काय करता?

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "काय करतो म्हंजे? चुकलं ते गेलं. पुढच्या ठोक्याले धरतो. मंडळी गाऊन रायली, मी पयल्यापासून सुरू करू का?"

वैभव त्यांच्याकडे पाहत राहिला. मी काहीच बोलले नाही. वडिलांनी मग पोराकडे वळून विचारलं, "तू काहून थांबतं रे मंग?"

"तुमी ऐकता म्हणून," तो म्हणाला.

खोलीत बराच वेळ शांतता होती. वडिलांनी रुमाल काढून तोंड पुसलं. त्या दिवशी मेसच्या अठराशे रुपयांचंही निघालं. ते चिडले नाहीत असं नाही. पण म्हणाले, "पैशाचं मले सांगितलं असतं तं." एवढ्यावर थांबले.

त्यानंतर घरातलं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. वडील अधूनमधून पडवीत बसून त्याच्याबरोबर खंजिरी धरायचे, पण त्यांचा हात भजनाच्या चढत्या लयीत पळायचा आणि हे गाणं संथ, मग दोघांची वादावादी. आईला ती वादावादी आवडायची. चार महिने त्या घरात कोणी कोणाशी वादसुद्धा घातला नव्हता.

तिसरा ड्रॉप घ्यायचा का, हा प्रश्न मार्चमध्ये आला. काकांचा आग्रह होता, अजून एक वर्ष दे. मी निर्णय सांगत नाही, तो माझा नाही. मी फक्त विचारलं की यातलं पुढे जाणं कोणतं आणि पुन्हा पहिल्यापासून कोणतं. वैभवनं आठ दिवस घेतले. मग तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जायचं ठरवलं, प्राणिशास्त्र घेऊन. काका अजून नाराज आहेत.

असेच पालक माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी वाद्य, मोबाइल किंवा बॅट यांकडे बघत नाही. मूल जेवतं का, झोपतं का, एका तरी माणसाशी मोकळं बोलतं का, आणि कशात तरी जीव लावतं का, हे बघते. दोन आठवडे कशातच मन नाही, आवडीची वस्तूही कोपऱ्यात पडली, आपल्या वस्तू वाटून टाकतोय, मी नसलो तर बरं होईल असं बोलतोय, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. गिटारचा आवाज येतोय तोवर निदान खोलीत कोणीतरी काहीतरी करू पाहतंय. दार ठोठावून, काय अडतंय रे, एवढं विचारायला हरकत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वैभवनं मला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज आहे, कोणाचं तरी लहान मूल रडतंय. दुसऱ्या ओळीत सीची एक तार बुजली आहे. तिसऱ्या ओळीत खण्ण करून काहीतरी तुटल्याचा आवाज येतो, आणि गाणं चालूच राहतं. खाली त्यानं लिहिलं होतं: "पहिली तार तुटली म्याडम. पाच तारांवर पूर्ण केलं. यवतमाळला सुटी तार कुठे मिळेल?"