मार्सेलिसला दोन दिवस पुरतात का? आणि समोरच्या बेटावर जावं का?

तुम्ही लिहिलंय की पॅरिसनंतर दोन दिवस मोकळे आहेत, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आहेत, सावरकरांच्या उडीमुळे बाबांना मार्सेलिस बघायचंच आहे, आणि शातो दिफच्या, म्हणजे इफच्या जुन्या किल्ल्याच्या, बेटावर जावं की तो वेळही शहरालाच द्यावा हे ठरत नाहीये. मी ल्योंला राहते. तिथून ट्रेनने मार्सेलिस पावणेदोन तासांवर, त्यामुळे माझं तिकडे बरंच जाणं होतं. माझं म्हणणं असं: दोन दिवस पुरतात, बेटावर नक्की जा, आणि शहर बघायच्या आधी जा.

आधी का, तर पहिलं कारण वाऱ्याचं. मिस्त्राल नावाचा उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला की आकाश अगदी स्वच्छ, ऊन लख्ख आणि समुद्र मात्र खवळलेला. अशा दिवशी इफच्या धक्क्याला बोट लागू शकत नाही. मग ती फक्त पुढच्या फ्रियुलच्या बेटांवर जाते, किंवा फेऱ्याच बंद राहतात. म्हणून पहिल्या सकाळी वारा नसेल तर ताबडतोब निघा. बेट दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि नेमका तेव्हा वारा सुटला, तर राहूनच जाईल. जुन्या बंदरातून, म्हणजे व्ह्यू-पोरमधून, बोट सुटते आणि वीसेक मिनिटांत इफ येतं. बोटीचं तिकीट वेगळं, किल्ल्याचं वेगळं. किल्ल्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेवढ्या आदल्या रात्री बघून ठेवा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे शहर समुद्राकडून बघितल्याशिवाय समजत नाही. इ. स. पूर्व 600च्या सुमारास आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या फोकाया गावचे ग्रीक दर्यावर्दी इथे आले आणि या अरुंद खाडीच्या काठी त्यांनी मस्सालिया वसवलं. तेव्हापासून इथे येणारी माणसं, माल, रोगराई, सगळं समुद्रानेच आलं. कोणाला उतरू द्यायचं आणि कोणाला बेटावर थांबवून ठेवायचं हा प्रश्न या शहराला सतत पडत आला. हे डोक्यात ठेवून बेटं बघितली की नंतर शहरातले दगडही बोलायला लागतात.

इफची गोष्ट तर आपल्या गोव्यापासून सुरू होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने जानेवारी 1515मध्ये तो गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात गेंडा लिस्बनला पोचला. युरोपात त्याआधी हजारेक वर्षं कोणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न बघता, फक्त वर्णन आणि एका रेखाटनावरून, त्याचं ते जगप्रसिद्ध लाकूडठशाचं चित्र केलं. पोर्तुगालच्या राजाने मग तो गेंडा पोपकडे रवाना केला. वाटेत 1516च्या सुरुवातीला जहाज मार्सेलिससमोरच्या बेटावर थांबलं, ते बेट इफच असं मानतात, आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा खास गेंडा बघायला तिथे गेला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला तो प्राणी बुडून मेला. राजाच्या मनात मात्र बेटाची जागा भरली होती. 1524 साली शहराला वेढा पडला आणि त्याच दशकात इथे किल्ला उभा राहायला लागला.

तटबंदी बांधली शत्रूसाठी, वापर झाला तुरुंग म्हणून. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना धर्मासाठी इथे कोंडलं, 1848च्या क्रांतिकारकांना कोंडलं, 1871च्या पॅरिस कम्यूनच्या बंडातल्या लोकांनाही. पैसेवाल्या कैद्यांना वरच्या मजल्यावर खिडकी आणि शेकोटी असलेली खोली विकत मिळायची, गरिबांना खाली अंधारकोठडी. चौकात 1848च्या कैद्यांनी दगडात कोरलेला मजकूर आहे, तो चुकवू नका. बहुतेक पर्यटक येतात ते द्युमा या फ्रेंच लेखकाच्या माँते क्रिस्तोच्या कादंबरीमुळे, तिचा नायक याच किल्ल्यात कैदेत असतो. तिच्या नायकाची म्हणून एक कोठडी दाखवतात, भिंतीला भुयाराचं भोकसुद्धा पाडून ठेवलंय. बघा, पण खरे कैदी ज्या कोठड्यांत राहिले त्यांना जास्त वेळ द्या. जिने दगडी आणि उंच आहेत. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वरच्या गच्चीचा आग्रह नको, खालच्या चौकातूनही पुष्कळ दिसतं.

तिथूनच पुढच्या बोटीने फ्रियुलला जा. फारसं कोणी सांगत नाही, पण मला विचाराल तर इफपेक्षा हेच जास्त बघण्यासारखं आहे. पोमेग आणि रातोनो ही दोन बेटं 1820च्या दशकात बांध घालून जोडली. पांढरा चुनखडीचा दगड, निळंशार पाणी, झाड जवळपास नाहीच. पोमेगला सतराव्या शतकापासून पूर्वेकडून येणारी जहाजं विलगीकरणासाठी थांबवायचे. हा नियम किती मोलाचा होता ते 1720मध्ये कळलं. लेव्हांटहून, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून, रेशीम आणि कापूस घेऊन ‘ग्रां सेंत आंत्वान’ हे जहाज आलं. प्रवासातच त्यावरची माणसं मेली होती. पण माल बोकेर गावच्या मोठ्या जत्रेसाठी हवा होता आणि त्यात शहराच्या एका बड्या कारभाऱ्याचाच वाटा होता. नियम वाकवले गेले, माल किनाऱ्यावरच्या गोदामात उतरला आणि त्याच्यासोबत प्लेग. सुमारे 90,000 वस्तीच्या शहरात 40,000च्या आसपास माणसं गेली. रातोनोवर शंभर वर्षांनंतर पीतज्वराच्या भीतीने बांधलेलं कारोलिन रुग्णालय आहे. वाऱ्याने हवा खेळती राहावी अशी त्याची रचना होती. 1944च्या बॉम्बफेकीत ते उद्ध्वस्त झालं आणि आता डागडुजी चालू आहे. बोटीच्या धक्क्यापासून तिथपर्यंत उन्हातली चाल आहे. टोप्या आणि पाणी घेऊनच निघा. आई-बाबांना धक्क्याजवळच्या कॅफेत बसवून तुम्ही जाऊन आलात तरी चालेल.

परत येताना बोटीत पुढे उभे राहा. डाव्या हाताला सेंट जॉनचा किल्ला, उजवीकडे सेंट निकोलसचा. चौदाव्या लुईने बंडखोर शहराला वचक बसावा म्हणून हे दोन्ही किल्ले उभारून घेतले. वर टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द या चर्चवरची मेरीमातेची सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती दिसते. तिला इथले लोक ‘चांगली आई’ म्हणतात. दुपारनंतर तिथे जाच. व्ह्यू-पोरहून 60 नंबरची बस जवळपास दारापर्यंत नेते, चढायची काळजी नको. आत छताला छोटी छोटी जहाजं टांगलेली आहेत, भिंती समुद्रातून वाचलेल्यांच्या नवसाच्या पाट्यांनी भरल्या आहेत. आपल्या आईला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही.

आता बाबांसाठी. सावरकरांना घेऊन निघालेली ‘मोरिया’ बोट 7 जुलै 1910ला इथे आली आणि 8 तारखेच्या सकाळी त्यांनी शौचकूपाच्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली. पोहून धक्क्यावर चढले, धावले, पण फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवरून असं परत नेणं योग्य होतं का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. 24 फेब्रुवारी 1911च्या निकालात, परत पाठवण्यात चूक झाली हे मान्य करूनही, ब्रिटनवर त्यांना फ्रान्सला सोपवण्याचं बंधन नाही असं ठरलं. बरेच मराठी पर्यटक व्ह्यू-पोरच्या काठावर फोटो काढून ‘इथेच ती उडी’ म्हणतात. तसं नाहीये. मुंबईच्या मार्गावरच्या मोठ्या आगबोटी या जुन्या बंदरात येत नसत, त्या उत्तरेला ला जोलिएतच्या बाजूच्या नव्या बंदरात लागत. तो भाग आजही चालतं बंदर आहे, कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या बोटी तिथून सुटतात, त्यामुळे धक्क्यावर जाता येत नाही. पण ले तेरास द्यु पोर या मॉलच्या वरच्या मजल्यावर लांबलचक उघडी गच्ची आहे, तिथून अख्खं बंदर समोर दिसतं. बसायला जागा आहे, लिफ्ट आहे, तिकीट नाही. बाबांना तिथे निवांत बसू द्या. पाण्यापासून धक्क्यापर्यंतचं अंतर आणि पुढचं मोकळं बंदर बघितलं की एकटा माणूस, फ्रेंच भाषेची अडचण, मागे पहारेकरी, हे सगळं नीट ध्यानात येतं.

वेळ उरला आणि बाबांना इतिहासाची एवढी ओढ असेल, तर शहराच्या दक्षिणेला माझार्गचं युद्धस्मशान आहे. पहिल्या महायुद्धात, 1914च्या सप्टेंबरअखेर, हिंदुस्थानी सैन्य याच बंदरात उतरलं, पूना हॉर्स ही घोडदळाची पलटणसुद्धा त्याच मोहिमेत फ्रान्सला आली. तिथे आपल्या सैनिकांचं स्वतंत्र स्मारक आहे.

दुसऱ्या दिवशी ल पानिए या जुन्या वस्तीत फिरा आणि पुजे नावाच्या वास्तुकाराने बांधलेलं व्हिएय शारिते हे गरिबांसाठीचं जुनं आश्रयगृह बघा. बंदराला लागून खालच्या अंगाला मात्र जुनं काही शोधू नका. 1943मध्ये जर्मनांनी तिथली वीसेक हजार माणसं बाहेर काढून सुमारे 1,500 इमारती सुरुंगाने उडवल्या. म्यूसेम या संग्रहालयाचं प्रदर्शन वगळलंत तरी हरकत नाही, त्याच्या जाळीदार भिंतींमधून गच्चीवर फुकट जाता येतं, आणि तिथून पुलावरून थेट सेंट जॉनच्या किल्ल्यात.

खाण्याचं म्हणाल, तर बुयाबेस हा इथला माशांचा मानाचा पदार्थ. नीट केलेला हवा असेल तर माणशी 50 युरोंच्या वरच जातो, आणि स्वस्तातला मागवण्यात अर्थ नाही. आई शाकाहारी असतील तर पानिस मागवा. हरभऱ्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवून, थापून, कापून तळलेलं, म्हणजे आपली पाटवडीच जणू, फक्त फोडणीशिवाय. ती खायची खरी जागा लेस्ताक, आणि उन्हाळ्याच्या मोसमात व्ह्यू-पोरहून तिथे शहर वाहतुकीची बोट जाते.