रात्री उताणी जाग आली तर?

प्रश्न : मला तिसावा आठवडा चालू आहे. दीड वर्षापूर्वी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. तेव्हा उकाड्याने झोप नव्हती, म्हणूनच तसं झालं, असं घरात बोलतात. आता सासूबाई डाव्या कुशीवरच झोपायला सांगतात, पण मध्यरात्री जाग येते तेव्हा मी उताणीच असते. बाळाला अपाय झाला असेल का? रात्री पाय शिवशिवतात, हातापायांच्या तळव्यांना खाजही सुटते.
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : जागरणाने तुमचा गर्भ गेला, हे आधी मनातून काढा. पहिल्या तीन महिन्यांतले जवळपास निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. हे उत्तर घरातही वाचायला द्या.

उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार कण्यालगतच्या मोठ्या नीलेवर पडतो. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि वारेचा पुरवठा घटतो. 2019 मध्ये पाच अभ्यासांची माहिती एकत्र तपासली गेली. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपी जाणाऱ्यांमध्ये बाळ पोटात दगावण्याची शक्यता सुमारे अडीचपट दिसली. अर्थात मुळातली शक्यता फार थोडी असते. यात मोजली होती ती झोप लागतानाची स्थिती. म्हणून झोपताना, दुपारच्या डुलकीलाही, कुशीवर व्हा. उजवी कूसही चालते, सासूबाईंचा आग्रह निम्माच बरोबर! गोधडीची गुंडाळी पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत लावा, एक उशी गुडघ्यांत घ्या. उताणी जाग आली तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा.

पाय शिवशिवण्यामागे बरेचदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेवा. झोपेची गोळी मनाने घेऊ नका.

खाजेचं मात्र थांबवून ठेवू नका. आपल्याकडे घामोळं किंवा ‘बांगडा बाधला’ म्हणून सोडून देतात. पुरळ नसताना तळव्यांना सुटणारी आणि रात्री वाढणारी खाज यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाचा प्रवाह मंदावल्याची खूण असू शकते. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवून यकृताच्या चाचण्या आणि रक्तातली पित्ताम्लं तपासा. ती लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या वर गेली तर बाळ दगावण्याचा धोका वाढतो आणि प्रसूती लवकर करावी लागते. अहवाल सुरुवातीला ठीक आला, पण खाज राहिली, तर चाचणी पुन्हा करायची.

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री 108 ला फोन करा.